बोटीच्या काचेचा मोतीबिंदू

आपल्या किनाऱ्यावर डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटी सकाळी लवकर सुटतात आणि साडेआठ-नऊच्या सुमारास बंदराकडे वळतात. परतताना तोंड पूर्वेला असतं. सूर्य जेमतेम वर आलेला, आणि त्याचं तिरपं ऊन थेट बोटीच्या पुढच्या काचेवर पडतं. काच नितळ असली तर कपाळावर हात धरून भागतं. पण ती मिठाने, उन्हाने आणि वर्षानुवर्षांच्या पुसण्याने पांढुरकी पडलेली असेल, तर त्या उन्हात सगळी काच एकदम पेटते आणि समोर ताकासारखा पडदा उभा राहतो. मग तांडेल काचेच्या बाजूने मान बाहेर काढतो आणि तशीच बोट आत आणतो. त्या वेळी दुसऱ्या बाजूला जाळ्याचा बोया आहे की पोहणारा माणूस आहे, हे त्याला कळायला मार्ग नसतो.

समुद्रात टक्कर टाळण्यासाठी १९७२ साली जे आंतरराष्ट्रीय नियम ठरले, त्यातला पाचवा नियम नजर ठेवण्याचा आहे. प्रत्येक नौकेने सदासर्वकाळ डोळ्यांनी आणि कानांनी नीट पहारा ठेवला पाहिजे, असं तो सांगतो. इंजिनाचं ऑइल आपण वेळेवर बदलतो, तळाला रंग देतो. ज्या काचेतून हा पहारा ठेवायचा, तिच्याकडे मात्र ‘आता जुनी झाली’ म्हणून दुर्लक्ष करतो. धूसर झालेल्या बहुतेक काचा फेकून देण्याच्या लायकीच्या नसतात. अर्धा दिवस, थोडं सामान आणि भरपूर सबुरी एवढ्यावर त्या पुन्हा डोळस होतात. फक्त हात लावण्याआधी आपल्यासमोर काय आहे, ते ओळखायला हवं.

आधी ओळख पटवा

बंदरावर सगळे तिला काच म्हणतात, मीही म्हणतो. पण लहान बोटींवर ती बहुधा प्लॅस्टिकची असते, आणि ते प्लॅस्टिक मुख्यतः तीन जातींचं असतं. तिघांवरचे उपाय वेगळे आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला विष ठरतं.

पहिली जात अ‍ॅक्रेलिकची. स्पीडबोटीच्या पुढच्या काचा, डेकवरच्या झडपा, केबिनच्या खिडक्या बहुतेक याच्याच. दुकानांच्या पाट्या करणारे जे शीट वापरतात, तेच हे. बोटाच्या पेराने वाजवलं तर ‘टक्क’ असा कडक आवाज येतो. कड स्वच्छ, चकचकीत दिसते. जुनं झालं की पांढरट होतं आणि त्यात केसासारख्या बारीक भेगा पडतात.

दुसरी जात पॉलिकार्बोनेटची. गाड्यांचे हेडलाइट याचेच असतात. हे चिवट, हातोडीलाही सहज न फुटणारं. वाजवलं तर आवाज बोदा येतो, आणि कड थोडी करडी दिसते. जुनं झालं की पिवळं पडतं. वरचा कडक थर उन्हाने सैल झाला, तर पापुद्रे सुटल्यासारखे चट्टे दिसतात.

तिसरी जात मऊ, गुंडाळता येणाऱ्या पारदर्शक पीव्हीसीची. लाँचच्या बाजूंना पावसा-वाऱ्यासाठी जे पडदे सोडतात, त्यांतल्या खिडक्या याच्या असतात.

वाजवून किंवा कड पाहून कळलं नाही, तर ज्याने बोट बांधली किंवा काच बसवली त्याला विचारा. नव्या शीटवरच्या संरक्षक कागदावर पीएमएमए लिहिलं असेल तर ते अ‍ॅक्रेलिक, पीसी असेल तर पॉलिकार्बोनेट. थिनर लावून किंवा जाळून परीक्षा घेऊ नका.

दोष अंगात की कातडीवर?

दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांचे घुमट अ‍ॅक्रेलिकचे असत. ते फुटून त्याचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत घुसत. हेरल्ड रिडली या ब्रिटिश नेत्रशल्यविशारदांच्या लक्षात आलं, की डोळा हे कण निमूट सोसतो. त्यावरून १९४९ साली लंडनमध्ये त्यांनी मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात अ‍ॅक्रेलिकचं पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. आपल्या घरातल्या कित्येक आजी-आजोबांची नजर ज्या उपायाने परत आली, त्याची सुरुवात अशी झाली. नवं अ‍ॅक्रेलिक आपल्यावर पडलेल्या प्रकाशातला सुमारे ९२ टक्के आरपार जाऊ देतं आणि उन्हालाही बराच काळ दाद देत नाही. म्हणून त्याची काच पांढरी पडली, तर बिघाड पुष्कळदा वरच्या कातडीतच असतो.

ही कातडी खराब कशी होते? खाऱ्या पाण्याचे तुषार काचेवर उडतात, वाऱ्याने वाळतात आणि मिठाचे बारीक खडे मागे राहतात. त्यात किनाऱ्यावरची उडती पुळण मिसळते. मग कोणीतरी खिशातला रुमाल काढून कोरडीच काच पुसतो. त्या क्षणी रुमालाचा पॉलिश पेपर झालेला असतो. एका पुसण्यात डोळ्याला दिसत नाहीत असे शेकडो ओरखडे पडतात. समुद्र आणि ऊन आपल्या हातात नाहीत. कोरडा फडका आहे, आणि अर्ध्याहून जास्त काचा तोच आंधळ्या करतो, असं मी इतक्या वर्षांच्या अनुभवावरून सांगतो.

ओरखडा म्हणजे सूक्ष्म चर. चरात हवा असते. प्लॅस्टिकमधून हवेत जाताना प्रकाश वेडावाकडा फाकतो, आणि आपल्याला धूसर दिसतं. यावरूनच एक बिनखर्चाची परीक्षा करता येते. काच धुऊन वाळवा. सर्वांत वाईट भागावर ओलं बोट फिरवून पाण्याचा सलग थर धरा आणि पलीकडची एखादी वस्तू, समजा जेटीचा खांब, पाहा. पाणी चरांत भरतं आणि प्रकाशाचं फाकणं बरंच कमी होतं. त्या ओल्या पट्ट्यातून खांब एकदम स्वच्छ दिसला, तर दोष कातडीवर आहे आणि पॉलिशने जाईल. ओलं करूनही धूसरच राहिलं, किंवा आत चांदीच्या तारांसारख्या रेषा चमकत राहिल्या, तर भेगा आत शिरल्या आहेत. घासून त्या जाणार नाहीत.

आणखी एक पाहा. अंधार पडल्यावर टॉर्च काचेला जवळजवळ टेकवून तिरपी धरा. ओरखडे बाहेरून आहेत की आतून, ते लगेच कळतं. आतल्या बाजूला पुष्कळदा नुसती डिझेलच्या धुराची आणि हातांच्या तेलाची पुटं असतात, आणि ती धुण्यानेच जातात.

धुणं: निम्मं काम इथेच

धुण्याला भरपूर गोडं पाणी लागतं. आधी नुसतं पाणी वरून खाली सोडा आणि पाच-दहा मिनिटं काच ओली ठेवा, म्हणजे वाळलेलं मीठ विरघळतं. तोपर्यंत काचेला हात लावायचा नाही. मग बादलीभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे काही थेंब टाका आणि मऊ मायक्रोफायबरने किंवा धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्याच्या तुकड्याने अलगद पुसा. लुगड्याचा जरीचा काठ आधी कापून टाका, जर ओरखडे पाडते. फडका सारखा पिळा, पाणी गढूळ झालं की बदला. भांड्यांचा स्क्रबर, ब्रश, काथ्या यांतलं काहीही काचेजवळ नको.

डांबर, ग्रीस किंवा स्टिकरचा चिकटा असेल, तर फडक्याला थोडं रॉकेल लावून तो पुसून घ्या आणि लगेच साबणाच्या पाण्याने काच धुऊन काढा. जवळ विडी-काडी नको, इंजिन बंद हवं.

काही गोष्टी मात्र प्लॅस्टिकच्या काचेला कधीच लावायच्या नाहीत: थिनर, अ‍ॅसिटोन, पेट्रोल, अमोनिया असलेले खिडक्यांचे स्प्रे, पितळ चमकवायचं लिक्विड आणि स्पिरिट. या शेवटच्या नावाची किंमत मी मोजलेली आहे. सॅनिटायझरची बाटली सगळ्यांच्याच हाताशी असायची त्या दिवसांत, मी माझ्या बोटीच्या डेकवरची अ‍ॅक्रेलिकची झडप रोज सॅनिटायझर फवारून पुसत होतो. थोड्याच आठवड्यांत प्रत्येक स्क्रूच्या भोकाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा उमटल्या. स्क्रू मी गरजेपेक्षा जास्त आवळले होते, म्हणजे प्लॅस्टिक आधीच ताणाखाली होतं. त्यात अल्कोहोल लागलं आणि ताण जिथे सर्वांत जास्त, तिथूनच ते तडकत गेलं. चांगली जाड झडप होती. ती बदलावी लागली.

अ‍ॅक्रेलिक: वॉटर पेपर आणि सबुरी

धुऊनही काच धूसर राहिली आणि पाण्याच्या परीक्षेत ती पास झाली, तर पॉलिशला लागा. ओरखडे फार बारीक असतील, नखाला जाणवत नसतील, तर वॉटर पेपरची गरज नाही. प्लॅस्टिक पॉलिश आणि मऊ फडका पुरतो. नख अडकत असेल तरच पेपर हातात घ्या.

सामान असं: १०००, १५००, २००० आणि ३००० नंबरचे वॉटर पेपर, पेपर गुंडाळायला रबराचा किंवा स्पंजाचा ठोकळा, मास्किंग टेप, दोन बादल्या, प्लॅस्टिकला चालणारं बारीक रबिंग कंपाउंड, प्लॅस्टिक पॉलिश आणि चार-पाच स्वच्छ फडके. ८०० किंवा ६०० नंबर फक्त खोल ओरखड्यांसाठी. उन्हात काम करू नका, सावली बघा.

कडेची रबरं आणि जेलकोट टेपने झाका. पेपर दहा-पंधरा मिनिटं साबणाच्या पाण्यात भिजू द्या. सर्वांत बारीक पेपरने कोपऱ्यात सुरुवात करून बघा. २००० ने ओरखडा गेला, तर १००० ला हात लावायचं कारण नाही. जितक्या जाड पेपरने सुरुवात कराल, तितकं पुढचं काम वाढतं.

एका नंबराने आडवं घासा, पुढच्याने उभं. गोल गोल नको. यामागे साधा हिशोब आहे. उभं घासताना आधीच्या नंबरच्या आडव्या रेषा वेगळ्या दिसतात. त्या सगळ्या पुसल्या जाईपर्यंत पुढचा नंबर घ्यायचा नाही. प्रत्येक नंबरनंतर काच, ठोकळा आणि हात धुवा, बादलीतलं पाणी ओतून नवं घ्या. १००० नंबरचा एक कण २००० च्या कामात राहिला, तर तासाभराची मेहनत वाया जाते. आणि नुसत्या ओरखड्याच्या जागी रेटून घासू नका. तिथे खळगा तयार होतो, आणि त्यातून पाहताना क्षितिज वाकडं दिसतं. आजूबाजूचा ऐसपैस भाग सारख्या हाताने घ्या.

पहिल्या पाच मिनिटांत काच आधीपेक्षा वाईट दिसू लागेल. सगळीकडे सारखी, दुधी, दहिवराने झाकल्यासारखी. इथे बहुतेकांचा धीर सुटतो. तिथेच थांबू नका, कारण हा सारखेपणाच आपल्याला हवा असतो. वाकडेतिकडे ओरखडे जाऊन एकाच मापाचे बारीक चर आले, याची ती खूण आहे. १५०० ला दुधीपणा पातळ होतो, २००० ला पलीकडचे रंग दिसू लागतात, ३००० नंतर ओल्या काचेतून माणसाचा चेहरा ओळखू येतो.

मग कंपाउंड. हाताने केलं तर वेळ लागतो, पण काम बिघडत नाही. मशीन असेल, तर स्पंजाचं पॅड लावा आणि वेग मिनिटाला १००० ते १५०० फेऱ्यांच्या आसपास ठेवा. अ‍ॅक्रेलिक सुमारे १०० अंश सेल्सिअसला मऊ पडतं, आणि एका जागी दाबून धरलेल्या पॅडला ते तापमान गाठायला वेळ लागत नाही. मशीन सतत हलती ठेवा. अधूनमधून पंज्याची मागची बाजू काचेला लावा, चटका जाणवला तर थांबा. हातभर तुकडा पूर्ण करूनच पुढच्या तुकड्याकडे जा. शेवटी प्लॅस्टिक पॉलिश, आणि त्यावर प्लॅस्टिकला चालणाऱ्या वॅक्सचा पातळ हात. वॅक्समुळे पाण्याचे थेंब टिकत नाहीत, घसरून जातात, आणि मीठ काचेला धरत नाही.

टूथपेस्टबद्दल लोक नेहमी विचारतात. तिच्यात बारीक खर असते, त्यामुळे एखाद्या फिक्या डागावर ती थोडं काम करते. पण प्रत्येक पेस्टची खर वेगळी असते, आणि पूर्ण काचेवर ती सारखी बसत नाही. नजर ठेवायच्या काचेवर तिचा प्रयोग करू नये.

पॉलिकार्बोनेट: घासलंत तर कोट द्यावाच लागेल

पॉलिकार्बोनेटवर कारखान्यातच उन्हापासून वाचवणारा पातळ कडक थर दिलेला असतो. तो शाबूत असेल, तर काच फक्त धुवायची. वॉटर पेपर लावला की तो थर जातो, आणि उघडं पडलेलं प्लॅस्टिक कोकणच्या उन्हात झपाट्याने पुन्हा पिवळं होतं. थराचे पापुद्रे आधीच सुटत असतील, तर मात्र तो अर्धवट ठेवण्यात अर्थ नाही. ८०० पासून सुरू करून वर सांगितलेल्या क्रमाने तो पूर्ण काढा, काच धुऊन वाळवा आणि त्यावर हेडलाइटसाठी मिळणारा, ऊन अडवणारा पारदर्शक कोट द्या. साधं वार्निश चालत नाही, त्यातलं द्रावण प्लॅस्टिकलाच खातं. हे काम तालुक्याच्या गावातले हेडलाइट पॉलिश करणारे कारागीर सराईतपणे करतात. काच काढून त्यांच्याकडे नेता येत असेल, तर खुशाल न्या.

मऊ पडदे: इथे पेपर नको

पीव्हीसीच्या पडद्याला वॉटर पेपर किंवा कंपाउंड लावलं, तर तो कायमचा खराब होतो. पडद्याला मऊपणा त्यातल्या तेलकट द्रव्यामुळे येतो. उन्हाने ते उडत जातं आणि पडदा कडक, पिवळा होत जातो. हे उलटवता येत नाही, लांबवता मात्र येतं.

पावसाळ्यात पडदा दुधी झाला, तर घाबरू नका. पीव्हीसी थोडा दमटपणा शोषतं. पडदा सावलीत, वाऱ्यावर एक-दोन दिवस मोकळा टांगा, दुधीपणा आपोआप उतरला तर ती नुसती ओल होती. एरवी गोडं पाणी, साबण, मऊ फडका आणि पारदर्शक व्हिनाइलसाठी मिळणारं पॉलिश एवढंच वापरायचं.

प्रवाशांच्या हातावरचं सनस्क्रीन आणि डास पळवणारं मलम या पडद्यांचे छुपे शत्रू आहेत. त्यांचे पंजे पडद्यावर उमटतात आणि वेळेवर धुतले नाहीत तर तिथेच राहतात. पडदा सोडायचं-बांधायचं काम खलाशालाच करू द्या आणि फेरी संपली की पडदा धुवा. तो कधी घडी घालून ठेवू नका, घडीची रेघ कायमची उमटते. मीठ धुऊन, पूर्ण वाळवून, मध्ये मऊ सुती कापड घालून सैल गुंडाळा. दुपारच्या उन्हात गुंडाळलात तर तो स्वतःलाच चिकटतो. तापलेला स्टीलचा पाइप पडद्याला जिथे टेकतो, तिथे पाइपवर कापडी गवसणी चढवा, नाहीतर त्या ओळीत पडदा करपतो.

बदलायची वेळ कधी येते?

भेगा आरपार गेल्या असतील, स्क्रूच्या भोकातून कडेपर्यंत तडा पोचला असेल, किंवा डेकवरच्या झडपेवर पाय दिल्यावर ती करकरत असेल, तर पॉलिश करत बसू नका. ती झडप एखाद्या लाटेला किंवा माणसाच्या वजनाला दगा देईल. नवं अ‍ॅक्रेलिक घेताना साच्यात ओतलेलं, म्हणजे कास्ट शीट मागा. भेगांना ते जास्त टिकतं. एक मीटर लांबीचं अ‍ॅक्रेलिक ३० अंशांच्या फरकाने सुमारे दोन मिलिमीटर वाढतं, म्हणून भोकं स्क्रूपेक्षा थोडी मोठी पाडा, खाली रबरी वॉशर द्या आणि स्क्रू जेमतेम बसेल इतकाच आवळा. सीलंट म्हणून आंबूस वास नसणारं, न्यूट्रल क्युअर सिलिकॉन वापरा.

बंदीकाळ हाच मुहूर्त

१ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस महाराष्ट्रात यांत्रिक मासेमारी बंद असते, आणि प्रवासी व पर्यटनाच्या बोटीही मेच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत किनाऱ्यावर असतात. बोट वर ओढली की शाकारण्याआधी काच धुऊन, वॅक्स लावून घ्या. तिच्यावर थेट प्लॅस्टिकची ताडपत्री टाकू नका. वाऱ्याने ती फडफडते आणि अडकलेल्या वाळूने तीन महिने काच घासत बसते. आधी जुनं सुती कापड बांधा, मग वर ताडपत्री किंवा झावळ्या. घासण्या-पॉलिशचं मोठं काम नारळी पौर्णिमेच्या आधी शेडमध्ये उरकलं, तर हंगामाच्या पहिल्या फेरीला काच तयार असते.

आणि हंगामात रोज एकच सवय ठेवा. सुकाणूजवळ पाच लिटरचा गोड्या पाण्याचा कॅन आणि झाकणाच्या डब्यात दोन ओले मऊ फडके असू द्या. काचेवर मीठ दिसलं की आधी पाणी, मग फडका. नवीन पोरगा खलाशी म्हणून आला की त्याला दोर बांधायला शिकवतानाच हेही शिकवा आणि त्याच्या खिशातला कोरडा रुमाल काचेपासून लांब राहील हे बघा. मग सकाळी परतताना ऊन समोरून आलं, तरी तांडेलाला मान बाहेर काढावी लागणार नाही, आणि जाळ्याचा बोया त्याला काचेतूनच वेळेवर दिसेल.